धसका आणि पीटीएसडी: बडोद्याच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्यात समुपदेशनाचं काम करते. जून उजाडला की मला येणाऱ्या फोनचा सूर बदलतो. एरवी मुलांचा अभ्यास, सासू-सून, नोकरीचा ताण असले विषय असतात. पहिला मोठा पाऊस झाला की मात्र लोक घुटमळत विचारायला लागतात, "ताई, एवढ्याशा गोष्टीची भीती वाटणं बरोबर आहे का?"

दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग, समा, अकोटा अशा भागांतून असे पुष्कळ प्रश्न आले. त्यांतले निवडक इथे एकत्र केलेत. ओळख पटू नये म्हणून माणसं, नाती, घरं बदलली आहेत. हे वाचून कुणी स्वतःचं निदान करू नये. निदान समोरासमोर बसूनच होतं.

पीटीएसडी म्हणजे नेमकं काय? मराठीत त्याला शब्द आहे का?

पुस्तकी शब्द आहे, 'आघातोत्तर ताण विकार'. तो धडपणे म्हणता येईपर्यंत माणूस निम्मा बरा व्हायचा. आपल्या आज्या 'तिनं धसका घेतला' असं म्हणायच्या, मला तोच शब्द जवळचा वाटतो. धक्का बसतो आणि ओसरतो. धसका आत घर करतो. पूर, अपघात, आग, मारहाण, बलात्कार, दंगल, जवळच्या माणसाचा अचानक आणि भयंकर मृत्यू, असा जिवावरचा प्रसंग संपून जातो, पण शरीर तो संपला असं मानायलाच तयार नसतं.

उलट बाजूही सांगते. प्रत्येक दुःख म्हणजे पीटीएसडी नाही. लग्न मोडलं, धंदा बुडाला, मुलगा नापास झाला, यातलं दुःख खरं असतं आणि मदतही लागू शकते, पण त्याचं नाव वेगळं. हल्ली आल्कापुरीच्या सिग्नलला अर्धा तास अडकलेली मुलंही 'ट्रॉमा झाला' म्हणतात. म्हणोत बापडी. पण त्यामुळे खरा धसका घेतलेल्या माणसाचं बोलणं हलक्यात घेतलं जातं, ते मला खुपतं.

२०२४ च्या पुरात आमच्या तळमजल्यात छातीइतकं पाणी होतं. अजूनही रात्री पाऊस वाजायला लागला की सासूबाई उठून खिडकीपाशी बसतात. हा आजार म्हणायचा का?

एवढ्यावरून म्हणता येणार नाही. विश्वामित्री नदीच्या काठी राहणाऱ्यानं पावसात कान टवकारणं यात वेडेपणा काहीच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये काळ्या घोड्याजवळच्या पुलापाशी पाणी सुमारे ३७ फुटांवर गेलं होतं आणि पाणी ओसरताना लोकांच्या अंगणात मगरी सापडत होत्या. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात वीसेक इंच पाऊस पडला होता. ज्यांनी दोन्ही पाहिलं, त्यांना आजवा तलावाची पातळी किती फूट झाली हे जाणून घ्यावंसं वाटणारच. तो शहाणपणाचा भाग आहे.

मी पुढचं विचारीन. पाऊस थांबल्यावर त्यांना झोप लागते का? दिवसा, कोरड्या उन्हातसुद्धा त्या दचकतात का? तळमजल्यावरच्या खोलीत पाऊल टाकणं त्यांनी बंद केलंय का? पुराचा विषय निघाला की उठून जातात का? चिखलाचा किंवा फिनेलचा वास आला की पुन्हा त्या पाण्यातच उभ्या आहेत असं त्यांना वाटतं का?

डॉक्टर साधारण चार बाजूंनी बघतात. नको असताना प्रसंग परत येणं ही पहिली बाजू. तो स्वप्नात येतो किंवा जागेपणी इतका खरा येतो की आजूबाजूचं भान सुटतं. दुसरी बाजू टाळण्याची: ती जागा, तो विषय, ती माणसं, प्रसंगी स्वतःचे विचारसुद्धा. मन काळवंडणं ही तिसरी. 'माझ्यामुळेच झालं', 'आता कुठेच सुरक्षित नाही' असे विचार चिकटतात, सणावारी आनंद होत नाही, नातवंडांजवळ बसूनही आपण लांब आहोत असं वाटतं. चौथी म्हणजे अंग सतत ताठ. दचकणं, चिडचिड, कशात लक्ष न लागणं, झोप उडणं. हे सगळं महिन्याहून जास्त टिकलं आणि त्यामुळे रोजचं जगणं अडू लागलं, तर पीटीएसडीचा विचार करायचा. प्रसंगानंतर तीन दिवसांपासून महिनाभराच्या आतला त्रास असेल तर त्याला 'तीव्र ताण विकार' असं वेगळं नाव आहे. आणि काहींच्या बाबतीत पूर्ण चित्र सहा महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा दिसायला लागतं. "तेव्हा तर ठीक होत्या, आता काय नाटक?" असं म्हणून कृपा करून कुणाला गप्प करू नका.

घरातल्या पाचही जणांनी तेच पाणी पाहिलं. मग मलाच का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी असा एखादा आघात येतो. त्यांतल्या ५.६ टक्क्यांनाच पुढे पीटीएसडी होतो. म्हणजे बहुतेक माणसं हादरतात, काही आठवडे कुढतात आणि हळूहळू सावरतात. ज्यांना होतो त्यांचं मन कच्चं असतं म्हणून होतो, असा याचा अर्थ काढू नका. आघात कुठला होता यावर फार अवलंबून असतं. लैंगिक अत्याचारानंतर हे प्रमाण बरंच वाढतं. निसर्गाच्या कोपापेक्षा माणसानं मुद्दाम केलेली इजा खोल जाते. स्त्रियांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. आधी कधी आघात झालेला असणं, लहानपणची हेळसांड, आधीचं नैराश्य यानंही पारडं झुकतं.

माझ्या अनुभवात सगळ्यात वजनदार गोष्ट प्रसंगानंतरची असते: त्या माणसाजवळ कोण होतं आणि ते काय बोलले. अभ्यासही प्रसंगानंतर मिळालेल्या आधाराला फार महत्त्व देतात. पाचांपैकी चौघं एकमेकांना धरून गच्चीवर होते आणि तुम्ही एकट्याच जिन्यात अडकला होतात, तर तुमचा पूर वेगळाच होता.

मेंदूत असं काय होतं की आठवण जुनी होतच नाही?

पूर येऊन गेलेल्या घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ राहते. काही घरांत त्या रेघेशेजारी पेन्सिलीनं तारीख लिहिलेली असते. तारीख असली की ती रेघ 'तेव्हाची' होते. नसली तर बघणाऱ्याला वाटतं, पाणी आत्ताच इथवर येऊन गेलं. मेंदूत ही तारीख आणि जागा लिहिण्याचं काम प्रामुख्यानं हिप्पोकॅम्पस करतो, आणि भीतीचा गजर वाजवतो अमिग्डला. जिवावर बेतलं की अमिग्डला कर्कश वाजतो आणि त्या गोंगाटात तारीख नीट लिहिली जात नाही. मग वास, आवाज, थंडगार ओलावा असे तुकडे सुटे सुटे राहतात आणि कुठल्याही निमित्तानं 'आत्ता'च्या रूपात उसळतात. कपाळामागचा मेंदूचा भाग एरवी गजर बंद करतो, तो इथे कमी पडतो.

यात एक गंमत आहे. पीटीएसडी झालेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान दिसतो, तेव्हा आधी वाटलं की आघातानंच तो आक्रसला. मग २००२ मध्ये अमेरिकेत व्हिएतनाम युद्धात लढलेल्या सैनिकांच्या जुळ्या भावांवर अभ्यास झाला. युद्धावर कधीही न गेलेल्या जुळ्या भावांचा हिप्पोकॅम्पसही लहानच निघाला. म्हणजे थोडा भाग आधीपासूनचा, जन्मजात. त्यात त्या सैनिकाचा दोष तो कुठला?

हे सगळं परदेशी फॅड नाही का? आमच्या वाडवडिलांना कुठे होतं असलं काही?

नाव परदेशी आहे. १८६६ मध्ये लंडनमधले सर्जन एरिकसन यांनी रेल्वे अपघातातून वाचलेल्यांच्या त्रासावर लिहिलं, लोक त्याला 'रेल्वेचा मणका' म्हणू लागले. पहिल्या महायुद्धात १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. थरथर कापणाऱ्या त्या सैनिकांतल्या कितीकांना भित्रे ठरवलं गेलं. आज वापरतात ते नाव १९८० साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत आलं आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता.

त्रास मात्र कुणा एका देशाचा नाही. 'पानिपत झालं', 'विश्वास गेला पानिपतात' हे आपण अजून म्हणतो. १७६१ चा तो आघात भाषेत मुरून बसलाय. पानिपतावरून जिवंत परतलेल्यांत आपले दमाजीराव गायकवाडही होते. परतलेल्या शिपायांच्या घरी रात्री काय चालायचं, कुणी लिहून ठेवलं नाही. न लिहिणं आणि न होणं यांत फरक आहे.

दुर्घटना झाल्या झाल्या समुपदेशकाला बोलावून सगळ्यांना बोलतं करावं ना? मन मोकळं झालं की बरं वाटतं.

हा प्रश्न मला सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि शाळांचे मुख्याध्यापक हमखास विचारतात. हेतू चांगला असतो. तरी माझं उत्तर 'नको' असंच असतं.

१९८० च्या दशकात अशी पद्धत फोफावली होती: घटना घडली की दोन-तीन दिवसांत सगळ्यांना गोल बसवायचं आणि प्रत्येकानं काय पाहिलं, काय वाटलं ते सांगायचं. नंतर नीट तपासलं तेव्हा अशा एका बैठकीनं पीटीएसडी टळत नाही असं दिसलं, आणि काही अभ्यासांत तर बैठकीला बसलेल्यांचा त्रास जास्त निघाला. जागतिक आरोग्य संघटनाही ती पद्धत सुचवत नाही. मलम लावायच्या आधी जखम उकलून बघण्यातला हा प्रकार आहे.

त्याऐवजी पहिल्या दिवसांत काय करायचं? कोरडे कपडे, गरम चहा, औषधांच्या गोळ्या, हरवलेल्या माणसाचा ठावठिकाणा, फोन चार्ज करायला जागा. रात्री झोपताना जवळ कुणीतरी. खरी माहिती, अफवा नाही. माणूस आपण होऊन बोलला तर पूर्ण ऐकायचं, नाही बोलला तर नुसतं शेजारी बसायचं. याला 'मानसिक प्रथमोपचार' म्हणतात आणि ते करायला पदवी लागत नाही. २०२४ च्या पुरात वरच्या मजल्यावरच्या गुजराती शेजारणीनं तीन दिवस खिचडी-कढी पाठवली, ही हकीगत मी किती घरांतून ऐकली! त्या बायकांनी केलं ते माझ्या दहा भाषणांपेक्षा जास्त होतं.

मग आम्ही लोक कधी? साधारण महिन्यानं. तेव्हाही त्रास उतरत नसेल तर. त्याआधी फक्त तीन कारणांसाठी: माणूस जीव द्यायच्या गोष्टी करत असेल, कित्येक रात्री झोपलाच नसेल, किंवा त्याला खाणं-पिणं, ओळखणं यातलं काही जमेनासं झालं असेल.

मी तिथे नव्हतो. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाहिले फक्त. तरी झोप उडाली आहे.

उडू शकते. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटानंतर संशोधकांना आढळलं की त्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त त्याच बातम्या पाहणाऱ्यांना तीव्र ताण जाणवत होता, प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही अधिक. घरबसल्या व्हिडिओ पाहून पीटीएसडीचं निदान सहसा होत नाही. पण ताण खरा असतो. ९ जुलै २०२५ ला पादऱ्याजवळचा गंभीरा पूल कोसळला तेव्हा तुटलेल्या कठड्यावर अडकलेल्या टँकरचं चित्र दिवसभर सगळ्या ग्रुपांवर फिरत होतं. ग्रुप म्यूट करा. आपोआप डाउनलोड बंद करा. आणि स्वतः पुढे पाठवू नका, एवढं तरी.

मुलं लहान आहेत. विसरून जातील ना?

शब्दांत सांगत नाहीत म्हणून आपण तसं धरून चालतो. मूल बोलत नाही, खेळतं. तीच बुडणारी होडी, तोच धावणारा बंब, पुन्हा पुन्हा, आणि त्या खेळात मजा दिसत नाही. अंथरूण ओलं करणं बंद झालं होतं ते पुन्हा सुरू होतं. आईचा पदर सुटत नाही. पोट दुखतं, पण फक्त शाळेच्या दिवशी. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी निदानाचे निकषच वेगळे आहेत, ते याचमुळे.

१८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात सहलीची बोट उलटली आणि १२ मुलं, २ शिक्षिका गेल्या. त्यानंतर कित्येक महिने, त्या शाळेशी काहीच संबंध नसलेल्या घरांतूनही आया विचारत होत्या, "याला सहलीला पाठवू की नको?" भीती आईची असते, मूल ती आईच्या चेहऱ्यावरून वाचतं. मुलाला खोटं सांगू नका. 'ते देवाघरी झोपायला गेले' म्हटलं तर मूल झोपायलाच घाबरेल. छोट्या, खऱ्या वाक्यांत सांगा, तोच प्रश्न दहादा आला तर दहादा उत्तर द्या. जेवणाची, झोपायची, शाळेची वेळ शक्यतो तीच ठेवा. महिन्यानंतरही खेळ, झोप, शाळा बिघडलेलीच असेल तर मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ गाठा. आघातावर बेतलेली वर्तनोपचार पद्धत मुलांसाठीही आहे, आणि तिच्यात आईवडिलांनाही बसावं लागतं.

वडील काही बोलत नाहीत. नुसते चिडतात आणि रात्री 'थोडीशी' घेतात.

गुजरातेत दारूबंदी आहे हे मला ठाऊक आहे. हा प्रश्न किती घरांतून येतो हेही मला ठाऊक आहे. दारूनं झोप लागते पण मोडकी लागते, आणि आठवण पचवायची ती झोपेतली प्रक्रियाच बिघडते. त्यांना 'पिऊ नका' म्हणण्याआधी 'झोप कशी लागते?' असं विचारून बघा. आपल्याकडच्या पुरुषांना भीती वाटते म्हणायला जड जातं, झोप येत नाही म्हणायला जात नाही. बरेच जण डॉक्टरकडे जाऊन गुजरातीतच सांगतात, "गभरामण थाय छे", म्हणजे जीव घाबरा होतो. छातीचा कार्डिओग्राम नॉर्मल निघतो आणि गाडी तिथेच अडते.

फॅमिली डॉक्टरांनी झोपेची गोळी दिलीय. चालू ठेवू का?

गोळी कुठली ते बघा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्या दोन रात्री बरं वाटवतात, पण पीटीएसडीवर त्यांचा उपयोग होत नाही, सवय मात्र लागते. म्हणून मार्गदर्शक तत्त्वं त्या टाळायलाच सांगतात. खूप दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. पीटीएसडीसाठी मुख्यतः सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन देतात. फरक पडायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मळमळ होऊ शकते, तेवढ्यावरून सोडू नका.

खरा उपचार कोणता? किती दिवस लागतात?

औषधापेक्षा आघातावर बेतलेले बोलण्याचे उपचार आधी सुचवले जातात. साधारण आठ ते पंधरा बैठका, बहुधा आठवड्याला एक. वर्षानुवर्षं कोचावर पडून लहानपण उगाळावं लागत नाही.

यांतल्या एका पद्धतीत टाळणं सोडायला शिकवतात. टाळल्यानं त्या क्षणी सुटका होते. तीच सुटका मेंदूला सांगते, 'बघ, तिकडे गेलो नाही म्हणून वाचलो.' म्हणजे दर टाळण्याबरोबर भीतीला खुराक मिळतो. मी पाहिलेल्या एक बाई पुरानंतर आधी तळमजला टाळायला लागल्या, मग कमाटी बागेकडचा पूल, मग रिक्षा त्या बाजूनं जाणार असली तर रिक्षा, मग भाजी आणणं, आणि अखेर गणपतीला माहेरी जाणंसुद्धा. नदी तशीच होती. त्यांचं बडोदं मात्र दोन खोल्यांचं झालं.

त्यांच्याबरोबर आम्ही पायऱ्या लिहिल्या, सोप्यापासून अवघडापर्यंत. पावसात गॅलरीचं दार उघडं ठेवून दहा मिनिटं उभं राहणं ही खालची पायरी. कोरड्या दिवशी, नवऱ्याबरोबर, पुलावर थांबून खाली बघणं ही मधली. पावसाच्या रात्री तळमजल्यावर झोपणं सगळ्यात वरची. प्रत्येक पायरीवर भीती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं, मध्येच पळायचं नाही. त्याबरोबर बैठकीत डोळे मिटून ती रात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वर्तमानकाळात सांगायची, मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि घरी रोज ऐकायची. ऐकायला क्रूर वाटतं. पहिल्या दोन बैठका रडण्यात जातात. पाचव्या-सहाव्या वेळी त्या स्वतःच म्हणाल्या, "यातला तो मधला भाग आता कंटाळवाणा वाटतो हो." मी त्या दिवशी घरी जाताना पेढे घेतले. खऱ्या पुरात उभं राहायला अर्थात कुणी सांगत नाही. इशारा आला की वरच्या मजल्यावर जायचंच.

दुसरी पद्धत विचारांवर काम करते. 'मी गाडी आधी हलवली असती तर', 'मी हात सोडला नसता तर'. वाचलेल्या माणसाला हा अपराधीपणा पाण्यापेक्षा जास्त बुडवतो. तेव्हा, त्या मिनिटाला तुम्हाला काय माहीत होतं आणि नंतर काय कळलं, हे वेगळं करायचं. ही पद्धत साधारण बारा बैठकांची असते.

बोट फिरवून डोळे हलवायला लावतात, तो ईएमडीआर खरा की थोतांड?

खरा. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडला आणि जागतिक आरोग्य संघटनाही तो मान्य करते. डोळे हलवण्यानंच फरक पडतो की प्रसंग पुन्हा नीट आठवण्यानं, यावर तज्ज्ञांचे वाद चालू आहेत. उपाय करणाऱ्याचं प्रशिक्षण विचारून घ्या, वीकेंडचा कोर्स करून आलेलेही बरेच आहेत.

आई म्हणते बाहेरची बाधा आहे, उतारा करू या.

उतारा करून घ्या, नारळानं अपाय होत नाही. पण मारणं, चटके, मिरचीचा धूर, उपाशी ठेवणं यातलं काही होणार असेल तर तिथून उठा. तो दुसरा आघात ठरतो. नामस्मरण, प्राणायाम, रोजचं चालणं यांनी अंग सैल पडतं, झोप सुधारते. उपचाराच्या जोडीला उत्तम.

घरच्यांनी काय बोलावं?

'झालं गेलं गंगेला मिळालं' म्हणू नका. ज्याला ती आठवण रोज रात्री भेटते, त्याच्यासाठी काहीच कुठे मिळालेलं नसतं. 'आपलं निदान घर तरी राहिलं, त्या नदीकाठच्या परशुराम भठ्ठ्यातल्या लोकांचं बघ' ही तुलनाही नको. मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका, आधी नाव घेऊन हाक मारा. फ्लॅशबॅक आला, म्हणजे तो प्रसंग आत्ताच घडतोय असं त्यांना वाटायला लागलं, तर हलवून जागं करू नका. हळू आवाजात सांगा: तू अमक्या खोलीत आहेस, आज अमका वार आहे, पाय जमिनीवर ठेव, पंख्याचा आवाज ऐक.

आणि त्यांची सगळी कामं स्वतःवर ओढून घेऊ नका. प्रेमापोटी आपणच त्यांचं टाळणं सोपं करून देतो.

गोकुळाष्टमी जवळ आली की ह्यांचं बिनसतं. योगायोग आहे का?

नाही. २०२४ चा तो पाऊस नेमका अष्टमीच्या सुमारास, २६ ऑगस्टला सुरू होऊन पुढचे दोन-तीन दिवस शहर पाण्यात होतं. मनाला तारीख आठवत नसली तरी दहीहंडीचे स्पीकर, सुंठवड्याचा वास, दमट हवा शरीराला आठवते. दोन आठवडे आधी कॅलेंडरवर खूण करा, त्या दिवसांत मोठे निर्णय आणि पाहुणे ठेवू नका, रात्री एकटं झोपू देऊ नका. २००१ च्या २६ जानेवारीला सकाळी ८.४६ ला जमीन हलली होती तेव्हा जिन्यातून धावलेले काही जण आजही झेंडावंदनाच्या दिवशी अस्वस्थ असतात.

माझा 'पूर' घरातच आहे, आणि तो ओसरलेला नाही. नवरा मारतो.

मग आधी सुरक्षितता, उपचार नंतर. चालू असलेल्या धोक्यात सावध राहणं हा विकार मुळीच नाही. गुजरातेत महिलांसाठी १८१ 'अभयम' हेल्पलाइन चोवीस तास चालते, तातडीला ११२. मुलांसाठी १०९८. वर्षानुवर्षं चाललेल्या छळानंतर माणसाला स्वतःबद्दलच घृणा, नात्यांची भीती, भावनांवरचा ताबा सुटणं असा आणखी एक थर चढतो. २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला 'जटिल पीटीएसडी' असं स्वतंत्र स्थान आहे. बरं व्हायला वेळ जास्त लागतो, पण होतं.

बडोद्यात जायचं कुठे? मराठीत बोलता येईल का?

सयाजी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. कारेलीबागेचं नाव काढलं की लोक कसेनुसे हसतात, मला माहीत आहे. ओपीडीत रांगेत बसलेल्यांत तुमच्यासारखीच, केसपेपर धरलेली माणसं असतात. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे: १४४१६, फोन फुकट, मराठी आणि गुजराती दोन्ही चालतं. जीव नकोसा वाटत असेल तर आत्ता लावा, हे वाचून संपायची वाट बघू नका. अगदी तातडीला १०८ किंवा ११२.

विमा असेल तर पॉलिसी काढून बघा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच संरक्षण द्यायचं आहे. एजंट 'नाही मिळत' म्हणाला तर लेखी मागा.

पूर्ण बरं होतं का?

पुष्कळांचं होतं. काहींचं वर्षभरात उपचाराशिवायही होतं, साधारण चाळीस टक्क्यांपर्यंत. बरं होणं म्हणजे विसरणं असं मात्र धरू नका. वर सांगितलेल्या त्या बाई अजूनही जोरदार पावसात फोनवर आजव्याची पातळी बघतात. एकदा बघतात आणि कूस बदलतात. कधीकधी एखादं वाईट स्वप्न पडतंच.

'संकटातून माणूस घडतो' असं ऐकवणारे भेटतील. काही जण खरोखर नव्या ताकदीनं उभे राहतात, त्यावर संशोधनही आहे. पण ते ज्याचं त्यानं म्हणायचं. दुसऱ्यानं त्याच्या तोंडावर म्हणायचं नाही.

पहिल्याच भेटीत सगळं सांगावं लागतं का?

नाही. "काहीतरी झालं होतं, त्याबद्दल आज बोलायचं नाही, पण झोप लागत नाही" एवढं पुरतं. सोबत कुणाला आणायचं असेल तर आणा, ते बाहेर बसतील. चालू गोळ्यांची पाकिटं आणा. आणि खुर्ची दाराकडे तोंड करून हवी असेल तर तसं सांगा. बरेच जण मागतात, आम्ही फिरवून देतो.